सुरी सापडली नाही म्हणून

अहो,

नमस्कार, आणि तोही बसूनच करते, कारण तुमचं पत्र वाचून उभं राहवेना.

चिमीनं टोमॅटोची भाजी परत मागून घेतली? आपल्या चिमीनं? मी वॉर्डातच "काय!" म्हणून ओरडले. आयाबाई धावत आल्या, "सिस्टर, घरी सगळं बरं आहे ना?" त्यांना काय सांगू, लेक टोमॅटो खायला लागली म्हणून माझे हातपाय गळालेत?

अहो, मी त्या पोरीपुढे हात टेकले होते. बारीक चिरून पाहिला, भातात लपवून पाहिला. तरी ती एकेक फोड वेचून माझ्या ताटात टाकायची. आणि तुम्ही, ज्यांना गॅसचा लायटर कुठे असतो ते माहीत नव्हतं, सुरी सापडली नाही म्हणून टोमॅटो किसणीवर किसता, साल हातात उरते, आणि झालं? धन्य आहे तुमची!

मी इथं मजेत आहे. जेवते वेळेवर. काल खोलीवर तुमच्यासारखीच किसून भाजी केली. चांगली लागते हो. पण एकटीच्या ताटात फार गुळगुळीत वाटली.

किसताना बोटं सांभाळा. चिमीचा खोकला गेला का? झोपताना माझं नाव काढते का?

सुरी ओट्याखालच्या खणात आहे. रोज खुशाल किसा, पण मी येईन त्या दिवशी मात्र टोमॅटो चिरूनच घाला. मोठ्या मोठ्या फोडी करा. माझं ताट मी तिच्या शेजारीच मांडणार आहे.

तुमची,
अजून न सावरलेली