दाजींची सिंगल माल्ट आणि आईचा मसाला

तीर्थस्वरूप दाजींस,

पवनानगरहून आपला धाकटा मेव्हणा निलेश याचा शिरसाष्टांग नमस्कार. आक्काची कंबर, पोरांचा खोकला आणि आपली बदली, तिन्हींची खुशाली कळवावी. बदलीसाठी साहेबांना द्यायची म्हणून आपण (आक्कापासून लपवून) आमच्याकडे ठेवलेल्या सिंगल माल्टची काळजी करू नये. ती सुखरूप आहे.

झालं असं, की ती आबांच्या हाती लागली. (आबा घेत नाहीत, म्हणून तर त्यांच्याच कपाटात ठेवली होती.) एवढी महाग का, म्हणून विचारू लागले. आमच्या धरणकाठच्या भाड्याच्या तंबूंत उतरणाऱ्या पाहुण्यांच्या कृपेने मला या विषयाचं ज्ञान आहे. मी सांगितलं, की सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीतली, मोड आणलेल्या नुसत्या सातूची. ब्लेंडेड म्हणजे अनेक भट्ट्यांची, मक्या-गव्हाचीही मिसळलेली. आबा म्हणाले, "म्हंजी तान्ह्या पोराला एकाच गाईचं दूध देत्यात, तसं. बाकी समदी डेरी."

इथवर ठीक होतं. पण तेव्हापासून आबांना मिसळलेलं काही चालेना. चहा दुधाविना, दूध साखरेविना. आणि परवा जेवताना त्यांनी आईच्या काळ्या मसाल्याला ब्लेंडेड म्हटलं. दाजी, त्या मसाल्यासाठी इंदुरीहून बायका येतात. आईने हातातला डाव हळूच खाली ठेवला (तिथेच मी घाबरलो). दुसऱ्या दिवशी तिने आबांच्या ताटात एका वाटीत लवंगा, एकीत दगडफूल, एकीत सुक्या मिरच्या वाढल्या आणि समोर बसली. आबाही हट्टी. लवंगा चावल्या, दगडफूल गिळलं. मिरच्यांपाशी मात्र तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, "मिसळल्याबिगर चव न्हाई गं." आबांनी आईपुढे हार मानलेली मी जन्मात प्रथमच पाहिली. फार बरं वाटलं.

बाकी सर्व क्षेम.

आपला,
निलेश

ता. क. : बाटलीही सुखरूप आहे. रिकामी. मसाल्याला नावं ठेवल्याची माफी खरी आहे हे दाखवायला आबांनी आतला ऐवज, पाहुण्यांनी तंबूंत सोडलेल्या सगळ्या उरल्यासुरल्या दारूसकट, एकाच कळशीत ओतून ढवळला. प्रमाण आईने ठरवलं.

पुन्हा ता. क. : पत्र पोस्टाने न धाडता आमच्या गावच्या नसीरभाईंच्या जीपने धाडतोय. त्याच जीपने ताबडतोब इकडे या. आईने कळशीचा वास घेतलाय आणि आता ती मसाल्याचा डबा शोधते आहे.