फंडाचे पाहुणे

अकोला, ता. २९ नोव्हेंबर १९३८

चि. जयवंता हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्यासाठी हाताने चालवायच्या तीनचाकीचा अर्ज इथल्या धर्मादाय फंडाने विचारात घेतला. तीनचाकी आली की वलगावच्या सडकेने तू स्वतः अमरावतीच्या बाजारात फुले विकायला जाशील. मामाच्या पाठुंगळी बसून बैलबंडीपर्यंत जाणे संपेल. सोमवारी फंडाचे एक गृहस्थ घरची स्थिती पाहायला येतील. आईला म्हणावे, पटवाऱ्याला सुनावलेस तसे यांना सुनावू नकोस!

सर्वांवर माया आहेच, ती तशीच राहो.
तुझा दादा, जानराव

वलगाव, ता. ६ डिसेंबर १९३८

ती. दादास जयवंताचे शि. सा. न. वि. वि.

पाहुणे काल भरदुपारी आले. तू उगाच घाबरत होतास, आईने घराची लाज राखली. शेजारच्या खुशालरावांची खुर्ची मागून आणली, पार्वताबाईकडून पितळेची ताटे आणि वाटीभर तूप. पुरणपोळी केली. पाहुणे पाच पोळ्या जेवले. आमच्या पोरीसाठी आले तुमी, अजून एक घ्या, असा आईचा एकच धोशा. माझे पाय त्यांनी पाहिले नाहीत. मीच लाजून लुगडे नीट पसरून बसले होते. जाताना शेवंतीची परडी दिली. हसत गेले. आता तीनचाकी आलीच समज.

धाकटीवर जीव असू दे.
जयवंता

अकोला, ता. २७ डिसेंबर १९३८

चि. जयवंतास आशीर्वाद. वि. वि.

अर्ज नामंजूर झाला. घरात खुर्ची, पितळी ताटे, पाहुण्यास तुपासह पक्वान्न. कुटुंब सुस्थितीत आहे, मदतीची गरज नाही, असा त्या गृहस्थांचा शेरा आहे. पाच पोळ्या खाऊन हात धुतला आणि त्याच हाताने हे लिहिले! चूक माझीही आहे, आधीच बजावायला हवे होते. पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करतो. तेव्हा कोणाकडून काही आणू नका. ओट्यावर बसवा, पाणी द्या, बस. हे आईला वाचून दाखव.

रागावू नकोस, लोभ ठेव.
जानराव

वलगाव, ता. २ जानेवारी १९३९

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, जेवायच्या वक्ती दारी आलेल्या माणसाले उपाशी कसं धाडू, मले नाही जमत. पुढल्या वर्षी आला तरी जेवूनच जाईल. तेव्हा तू अर्ज करू नकोस, असा तिचा निरोप आहे.

खोटे कशाला लिहू, मला आईचा फार राग आला. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण दादा, मी रुसून जाऊ कुठे? न्हाणीपर्यंत मला तीच उचलून नेते.

आठवण ठेव.
तुझी जयवंता