बेडकाला नवी टायरं

माय, तुझ्या बेडकाला नवी टायरं बसवली. सहाच्या सहा. तू म्हणशील, मला जाऊन जमाना झाला, गोठ्यात कोंबड्या बसत होत्या त्या गाडीत, ते काय वाईट होतं? ऐक तर खरी. ही भुणभुण तुझ्या नवऱ्याची, आबांची. मागच्या वर्षी ते अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी एकच धोशा लावला. तुला वर पाड्यावर, मामाच्या शेतातल्या मोहाखाली मातीत ठेवलंय, तिथं एकदा जायचं. वर अजून जीप जात नाही. मामाचा पोरगा बिचारा म्हणाला, माणसं खाली पाठवतो, झोळी करून अलगद नेऊ. आबा असे भडकले की विचारू नकोस. "झोळीमा जावाले मी काय मडं शे का? मी तिनी गाडीमा बठीसन जासू." मी तोंडात बोट घातलं. कारण तू होतीस तोवर हा माणूस त्या गाडीत एकदाही बसला नाही, हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक.

दवाखान्यातला परदेशी डॉक्टर मायदेशी गेला आणि ती सहा चाकांची गाडी मागे राहिली. कुणाला चालवता येईना. तू नर्स, तू शिकलीस. तिला स्टेअरिंग नाही, दोन दांडे. डावा ओढला की डावीकडची चाकं थांबतात आणि गाडी जागच्या जागी गिरकी घेते. हिरवी, टबासारखी, नाल्यात घातली तर तरंगते, म्हणून पाड्यावरच्या पोरांनी बेडूक नाव ठेवलं. मला तू अजून दिसतेस, पांढऱ्या लुगड्याचा पदर कमरेला खोचून, लशींची पेटी मागे बांधून, बाजारातून खुशाल दांडे ओढत निघालेली. आबांचं टायरचं दुकान. तुझ्या गाडीच्या टायरला ते कामगाराचा हात लागू देत नसत, सगळं स्वतः करत. पण तू म्हणालीस, "या, बसा, पाड्यावर जाऊन येऊ," की हात पुसत आत. "बाई चालाडी अन् मी मांगे बठू? बाजार हासी." तू दर वेळी हसण्यावारी न्यायचीस आणि दर वेळी पुन्हा विचारायचीस. शेवटी शेवटी विचारलंस तेव्हा मी तिथंच होते. तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला इतकं लागलं नसतं.

तर टायर. दुकान आता मी चालवते. टायर निवडणं हा माझ्या डाव्या हातचा मळ, अशी माझी घमेंड. जुनी टायरं बघितली तर चिराच चिरा, उंदरांनीही हात मारलेला. तो साइज आता कुणी काढत नाही. मग माप घेत बसले. उंच टायर चालत नाही, कारण दोन चाकांमध्ये जेमतेम चार बोटं जागा, एकमेकांना घासतील. दोन नवी आणि चार जुनी असंही चालत नाही, साखळी सहाही चाकं एकदम फिरवते, एक जरी लहानमोठं झालं तर गाडी एकीकडे ओढते. हे सगळं मी जाणते ना, मोठी शहाणी! सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन केला आणि सांगितलं, या मापात सगळ्यांत जाड, सगळ्यांत कडक असेल ते पाठव. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते उसाच्या ट्रॉलीचं, केळीच्या गाडीचं. काटा घुसला नाही पाहिजे, वजन पेललं पाहिजे. तेच विकून विकून माझं डोकं ट्रॉलीचं झालंय.

टायरं आली, दिसायला काय रुबाबदार! बसवली, आबांना उशा लावून मागे टेकवलं आणि चाचणी म्हणून नदीच्या कोरड्या पात्रात घातली. पहिल्याच गोट्यांवर आबांच्या तोंडून असा आवाज आला की मी दोन्ही दांडे ओढून गाडी जागीच थांबवली. डोळ्यांत पाणी, तोंडावर घाम. "हाई गाडी शे का ऊसनी ट्रॉली? उतार माले, पोरी, उतार." उतरवलं. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले ते जेवायलाही उठेनात. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. नही जमनं." माय, इतके दिवस त्या भुणभुणीने माझं डोकं उठलं होतं, पण ती थांबली तशी मी घाबरले. मला वाटलं, हा माणूस आता उठायचा नाही.

आणि तेव्हा मला तुझी ती बोलणी आठवली. मी सातवी-आठवीत असेन. तुला खूश करायला कॉम्प्रेसर लावून सहाही टायरं नगाऱ्यासारखी टणक भरून ठेवली होती. तू आलीस, टायरावर गुडघा टेकलास, ते दबलं नाही. मारलं नाहीस. म्हणालीस, "अक्कल गहाण टाकलीस का गं? या गाडीला स्प्रिंग आहे का कुठं? टायरातली हवा हीच तिची गादी. पोटुशी बाई बसते यात. गुडघा टेकला की टायर दबलं पाहिजे." मग व्हॉल्व्ह दाबून एकेकाची हवा सोडायला लावलीस. दहावी झाले तेव्हा मैत्रिणींना कानातलं मिळालं, घड्याळ मिळालं, आणि मला तू हवा भरायचा लाकडी मुठीचा हातपंप दिलास! मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

जाड टायरांची हवा सोडून पाहिली, पण ते कडक रबर दबेना, म्हणून सुरतेला पुन्हा फोन. व्यापारी म्हणाला, बेन, पातळ टायर घेऊन काय कराल, डोंगरात फाटेल. म्हटलं, फाटू दे, तू पाठव. ती आली, चपटी, मरगळलेली, रिंगला धरेचनात. हवा भरावी तर कडेने फुस्सकन बाहेर. मी शिव्या घालत होते. आतून खाट करकरली आणि आवाज आला, "मझार दोर आवळ ना! साबण लाव!" मी टायराभोवती मधोमध दोर गुंडाळून काठीने पीळ देत आवळला, कडा फुगून रिंगला लागल्या, साबणाच्या पाण्यात फट् करून बसल्या. आबा दाराला धरून उभे होते. ऑपरेशननंतर आपणहून उठलेले मी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. कॉम्प्रेसर बंद ठेवला. तुझ्या पंपाने भरली सगळी, खांदे भरून आले, आणि प्रत्येकावर गुडघा टेकून बघितला. मऊ. भाकरीच्या पिठासारखी मऊ.

होळीच्या आधीच निघालो. डांबर संपतं आणि जीपगाड्या उभ्या राहतात तिथवर बेडूक पिकअपमधून नेला. तिथे चहाच्या टपरीवर हीऽ गर्दी. आबा धोतर नीट करून, टोपी घालून मागे बसले. मी पदर खोचला, दांडे धरले. एक जीपवाला खिदळत ओरडला, "बाबा, होडी कुठं निघाली?" सगळे फिदीफिदी हसले. मला वाटलं, संपलं, आता उतरतात. मागे वळून पाहिलं तर आबांनी निवडून आल्यासारखा हात वर केला होता.

गोटे आले, नाला आला, चढ आला. मी सारखी विचारते, दुखतंय का? ते म्हणतात, पुढे बघ. बेडूक दगडावरून असा जातो की दगड टायराच्या पोटात शिरतो आणि वर धक्काही लागत नाही. वर मोहाखाली फुलं पडलेली. मामाच्या पोराने आणि मी त्यांना उतरवून तुझ्याजवळ बसवलं. मग मातीवर हात ठेवून म्हणाले, "देख, उनू मी. तुन्ही गाडीमा बठीसन उनू. कोनीच हासनं नही."

मी झाडाच्या मागे गेले आणि पोटभर रडले.

हे पत्र तिथं तुझ्याजवळ ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण आता काय ठेवू? सांगायचं ते आबांनी सांगितलं. माझ्याकडे उरलंय ते एवढंच, ते त्यांना सांगू नकोस. गाडीच्या मागची स्टेपनी मी बदललेली नाही. आबांना सांगितलं, सातवं टायर मिळालं नाही. मिळालं होतं, दुकानात माळ्यावर आहे. जुन्या स्टेपनीत अजून थोडी हवा आहे, गुडघा टेकला की दबते आणि परत वर येते. ती तू भरलेली नसणार, इतकी वर्षं हवा टिकत नाही, मी टायरवाली आहे, मला कळतं. तरी तिचा व्हॉल्व्ह काढायला माझा हात होत नाही.