थोरली स्वतःच्या चाकांवर गेली

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार या खेपेला कागदावरच घे, कारण माझी कंबर सध्या तेवढी वाकत नाही (का, ते पुढे येईलच). वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग, जिना उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा आणि चढताना चांगला. तुझे बाबा, म्हणजे आमचे काका, ठणठणीत आहेत. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहिते आहे. पुढचं वाचताना छातीत धडधडलं, तर मागे येऊन ते पुन्हा वाच.

तुझ्या मागच्या पत्रातली ओळ मला तोंडपाठ आहे. ‘बाबांच्या हातात गाडी देऊ नकोस, त्यांच्या डोळ्यांचं काही खरं दिसत नाही.’ मी ‘बरं’ असं उत्तरही पाठवलं. पण दादा, ‘बरं’ लिहायला नुसती शाई लागते. काकांना तोंडावर सांगायचं कुणी? मध्यंतरी एकदा त्यांनी कोपऱ्यावरच्या टपालपेटीला ‘काय, बरं आहे ना?’ म्हणून विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच हसून म्हणाले, ‘थट्टा करतोय गं.’ त्यांची थट्टा कुठे संपते आणि डोळे कुठे सुरू होतात, हेच मला कळेनासं झालं होतं. विचारलं असतं, तर खरं उत्तर मिळालं असतं. त्याचीच भीती.

तर, थोरलीबद्दल. (वहिनी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: थोरली ही बाई नव्हे. आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भंगारातून उचलून आणलेली ती पहिली मोटार. काळी, लांब नाकाची, दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली. काकांनी ती एकेक नटबोल्ट जुळवून उभी केली आणि तिच्या जिवावर दोघा भावांनी जुन्या गाड्यांचं दुकान काढलं. गिऱ्हाईक भुलायचं थोरलीला आणि घेऊन जायचं दुसरीच.) दुकान आवरायचं ठरल्यापासून एकेक गाडी गेली आणि शेवटी ती एकटी उरली. काचेमागच्या त्या लांबलचक खोलीत, झिरपलेलं तेल फरशीवर पडू नये म्हणून खाली ठेवलेल्या पत्र्याच्या तसराळ्यावर, ती अशी उभी असायची की झाडू मारायला गेलं तरी ‘जरा बाजूला होता का’ म्हणावंसं वाटे. तिला घेतलं एका डॉक्टरीणबाईंनी. गिऱ्हाईक काकांनीच आणलं. कुठून, म्हटलं तर ‘ओळखीतून’ म्हणाले आणि पेपर उघडून बसले (उलटा नव्हता, मी पाहिलं).

डॉक्टरीणबाई बिचाऱ्या परोपरीने सांगत होत्या की मी ट्रक पाठवते, त्यावर चढवून द्या. पण अप्पांचा नेम तुला ठाऊक आहे. आपल्या दुकानातली गाडी दुसऱ्याच्या पाठीवर बसून जाणार नाही. स्वतःच्या चाकांवर जाईल आणि घरचा माणूस चालवत नेईल. घरचा माणूस म्हणजे अप्पा, काका आणि तू. अप्पा गेले, तू तिकडे. राहता राहिले मी, तर मला साठी उलटली तरी गाडी येत नाही. मोटारींच्या दुकानात वाढलेल्या मुलीला कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी पियानो शिकवला, भरतकाम शिकवलं, डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला शिकवलं, आणि घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की एवढं शिकलेली मुलगी शेजारच्या सीटवर शोभून दिसेल. मी सुचवलं, मिस्त्री चालवतील. आपले मिस्त्री कुठलंही इंजिन दुरुस्त करतील, पण गाडी बंद असतानाच सुरक्षित असते, असं त्यांचं ठाम मत. काका म्हणाले, ‘मिस्त्री नेणार असतील तर डॉक्टरीणबाईंना सांग, गाडी पोचायची ती नातवंडांच्या काळात, त्यांच्याच नावावर करा.’ मिस्त्री म्हणाले, ‘बरोबर आहे.’ विषय संपला.

आता भिंतीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. विकलेल्या प्रत्येक गाडीची एक वस्तू गिऱ्हाइकाला सांगूनच ठेवून घ्यायची, त्या जागी नवी बसवून द्यायची आणि जुनी कचेरीतल्या भिंतीवर टांगायची, ही आपल्या घरची रीत. गिअरच्या मुठी, राखदाण्या, बंद पडलेली घड्याळं, आणि खिडकीची काच फिरवायच्या ज्या हँडलवर आपटून तुझा पुढचा दात पडला तेसुद्धा तिथे आहे. वस्तू काढायचं काम कायम अप्पांचं. ते गेल्यावर ते कुणाचं, हे कधी ठरलंच नाही. त्यामुळे थोरली निघायच्या आदल्या दिवशी ते आपापल्या मनाने, एकमेकांना न सांगता, डोळे पुसत पुसत सगळ्यांनी केलं.

सकाळी निघालो. काका चालवायला, मी शेजारी, मिस्त्री मागे. काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिल्या सिग्नलला मला म्हणाले, ‘बोल, रंग कोणता?’ मी लहान असताना मांडीवर बसवून हाच खेळ खेळायचे, आठवतं? मला भरून आलं. मी ‘लाल’ म्हटलं, ‘पिवळा’ म्हटलं, ‘हिरवा’ म्हटलं, टाळी वाजवायची तेवढी बाकी होती. पुढच्या सिग्नललाही तेच. त्याच्या पुढच्याला मी मुद्दाम गप्प राहिले, तर गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि काकांचा आवाज जरा वेगळा आला. ‘खेळ ना गं.’ दादा, तो खेळ नव्हता. मी ‘हिरवा’ म्हटलं आणि दाराची मूठ धरून ठेवली.

पुढे एक सायकलवाला मधूनच चालला होता. त्याची घंटी काकांना ऐकू आली असावी. त्यांचा हात भोंग्याकडे गेला आणि हवेतच मिटला. रबरी फुगा जागेवर नव्हता. मी विचारलं, ‘काका, भोंगा?’ तर म्हणाले, ‘भिंतीवर. काल काढला.’ मग मागच्या खिडकीतून मिस्त्रींनी डोकं बाहेर काढलं आणि ‘ओ सायकल! कडेला!’ असं ते जे ओरडले, त्यापुढे भोंगा कसला टिकतोय. तेव्हापासून मिस्त्रींची नेमणूक भोंगा म्हणून झाली. नंतर वळताना काका म्हणाले, ‘बाहेरच्या आरशात बघ, मागे काही आहे?’ मला सांगावं लागलं, की आरसा माझ्या पर्समध्ये आहे, रुमालात गुंडाळलेला. मग काका म्हणाले, ‘मग पर्समध्ये बघून सांग.’ मिस्त्री इतके हसले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मग शाळेसमोरचा उतार आला. तिथे सिग्नल नाही, म्हणून खेळही नव्हता. एक बाई मुलांची रांग घेऊन रस्ता ओलांडत होत्या, बुटकी बुटकी मुलं, प्रत्येकाच्या हातात पुढच्याच्या दप्तराचा पट्टा. मला वाटलं, आता वेग कमी होईल. झाला नाही. काका समाधानाने समोर बघत होते आणि म्हणाले, ‘रस्ता काय मोकळा मिळालाय!’ मी किंचाळले, दादा, पण किंचाळी आली ती सिस्टरांच्या आवाजात, प्रार्थनेनंतरच्या त्या शिस्तीच्या हुकमात: ‘स्टॉप!’ आणि झालं काय, तर गाडी थांबायच्या ऐवजी मुलं थांबली. सगळी. रस्त्याच्या मधोमध. त्यांच्या बाईसुद्धा. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून मागे पडले (ही माझी कंबर), काकांनी आवाज ऐकून ब्रेकवर उभं राहिल्यासारखा पाय दाबला, आणि थोरली चाकं घासत, कुरकुरत, एका आचक्यानिशी थांबून बंद पडली. सगळ्यात पुढचं पोर गाडीच्या दिव्याच्या इतकं जवळ होतं की त्याने त्यात आपला चेहरा बघून जीभ बाहेर काढली.

बाईंनी आधी मुलांना पलीकडे पोचवलं. मग परत आल्या, काकांच्या खिडकीशी. म्हणाल्या, ‘आजोबा, दिसत नाही का तुम्हाला?’

जे तुला पत्रात आणि मला एका घरात राहून विचारता आलं नाही, ते त्या बाईंनी रागाच्या भरात विचारून टाकलं. आणि काका म्हणाले, ‘नाही.’ अगदी साध्या आवाजात, साखर हवी का विचारल्यावर म्हणावं तसं. काकांचे हात चाकावर होते आणि ते मला बघवत नव्हते.

अशा वेळी मिस्त्रींनी काहीतरी करायचं म्हणून गाडी सुरू करायची ठरवली. बॅटरीने मान टाकलेली, म्हणजे पुढून हँडल घालून फिरवायला हवं. ते मागच्या सीटखाली असतं. मिस्त्री वाकले, सीट उचलली, परत ठेवली आणि तिच्यावर बसून राहिले. मी विचारलं, ‘हँडल?’ ते म्हणाले, ‘माझ्या उशाशी आहे, ताई.’ आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. काकांना इतक्या अवघड घडीला हसू आलं. ‘अरे, तिघांनी मिळून गाडी भिंतीवरच टांगायची ना,’ ते म्हणाले, ‘आणली कशाला रस्त्यावर!’

मग ते उतरले. थोरलीच्या नाकावरून हात फिरवत, चाचपत, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि म्हणाले, ‘सरक.’ मी म्हटलं, काका, मला येत नाही. ते म्हणाले, ‘मला येतं. तुला दिसतं. दोघांत मिळून एक ड्रायव्हर होतो.’

त्या बाईंनी आणि मिस्त्रींनी मागून लोटलं, गाडी उताराला लागली, काकांनी माझ्या हातावर हात ठेवून गिअर टाकला. क्लच हळू सोड, म्हणाले, झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतात तसा. मी तसा काढला आणि बाळ गुरगुरून जागं झालं! मिस्त्री पळत येऊन पायरीवर चढले आणि तिथूनच भोंगा सुरू. मी काय काय दिसतं ते सांगत होते, काका काय काय करायचं ते सांगत होते, आणि मध्ये मला शाळेतल्या सगळ्या प्रार्थना आठवत होत्या, जेवणाआधीचीसुद्धा. पायी चालणारी माणसं आम्हाला मागे टाकून जात होती आणि वळून बघत होती. काका विचारायचे, ‘बघतायत का?’ मी म्हणायचे, बघतायत. मग ते ताठ बसायचे. डॉक्टरीणबाईंच्या फाटकात मी अगदी नीट वळले आणि आनंदाच्या भरात ब्रेकऐवजी दुसरंच काही दाबलं. फाटकाचा खांब आता किंचित नमस्काराच्या पवित्र्यात आहे. थोरलीला ओरखडाही नाही.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी आधी खांब पाहिला नाही, गाडी पाहिली नाही. चाकाशी कोण आहे ते पाहिलं आणि फाटकाला टेकून श्वास सोडला. मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. त्या डोळ्यांच्या डॉक्टर. काका तुझ्यामाझ्या नकळत त्यांच्याकडे गेले होते. अक्षरांचा तक्ता वाचायला नको म्हणून तेवढा वेळ थोरलीचं वर्णन करत राहिले, आणि ते इतकं रंगलं की बाईंना गाडी घ्यावीशी वाटली. (घरातला हा एकमेव सौदा, जो माल न दाखवता झाला.) तपासणी मात्र त्यांनी सोडली नाही. दोन्ही डोळ्यांत कडेचं दिसतं, मधलं गेलंय. ऑपरेशनने ते परत यायचं नाही. जे आहे ते बराच काळ टिकेल. गाडी चालवायची नाही. हे काकांना तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही हे बोलत असताना ते बागेत माळ्याला समजावत होते, ‘पुतणी आहे. नवीन शिकतेय. खांब मनावर घेऊ नका.’

इथे थांबते. लोभ आहेच तुझा. वाढवू नकोस, आहे तेवढा हे पत्र संपेपर्यंत टिकव म्हणजे झालं.

तुझी बहीण
(आणि अर्धी ड्रायव्हर)

ता. क. डॉक्टरीणबाईंनी भोंगा, आरसा आणि हँडल परत मागितलं. त्या म्हणाल्या, एखादी वस्तू समजू शकते, पण गाडी चालायला हवी ना. तिघांनी निमूट दिलं. हँडल देताना मिस्त्रींनी पावती मागितली.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. रविवारी काका तुला फोन करतील. त्यांच्या गोष्टीत दुकानापासूनच गाडी मी चालवत होते. मुलांची रांग मला दिसली नाही, गाडी मी बंद पाडली, आणि त्यांनी शेजारी बसून सगळ्यांचे जीव वाचवले. मिस्त्रींनाही आता तसंच आठवतं. तू सगळं खरं मान आणि मला रागव. मोठ्याने रागव, फोन ते स्पीकरवर ठेवतात. आणि शेवटी एवढंच म्हण: ‘बाबा, हिच्या एकटीच्या हातात गाडी देत जाऊ नका, तुम्ही शेजारी बसत जा.’ डोळ्यांपायी ते सीट सोडणार नाहीत, दादा. माझ्या मूर्खपणापायी सोडतील. मी शिकाऊ परवान्याचा अर्ज भरलाय. घरची जी छोटी गाडी आहे तिच्या किल्ल्या त्यांनी काल माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, ‘धर, पण मी असल्याशिवाय हात लावायचा नाही.’

ता. क. शेवटचा. तुला खरोखरचा राग आला असेल तर तो वेगळ्या कागदावर लिही, कारण त्यांची पत्रं हल्ली मीच वाचून दाखवते. आत्ताही समोर बसलेत आणि विचारताहेत, एवढं काय लिहितेस, वाच बघू. म्हणून मी वाचलं. हे नव्हे, दुसरंच, त्यांच्या गोष्टीला धरून वाचता वाचता रचलेलं. डोळे मिटून नीट ऐकलं त्यांनी. म्हणाले, ‘छान झालंय. फक्त तो खांबाचा भाग आणखी खुलव. त्याला कळू दे, किती वाईट चालवतेस.’