आगानेताच्या मयताचे पाव

ब्लूमेनहाइम, मॅनिटोबा, कॅनडा
२ ऑक्टोबर

चि. कॉर्नीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे, डावा गुडघा सोडून. तो माझ्याआधीच प्रभूकडे निघालाय. तुझ्या वृद्धाश्रमात अजून गाजराचा लगदाच देतात का?

आता कामाचं. माझ्या मयताचे पाव मी परवा भाजून टाकले. हसू नकोस. चर्चच्या तळघरात मयताचं जेवण करायला आता मी आणि टीना पेनर दोघीच उरलोय. बाकीच्यांच्या मयताला आम्हीच भाजलं. उद्या मी गेले, की लोक मला माती देऊन थंडीचे तळघरात येणार आणि पुढ्यात काय, तर दुकानचा पाव? नाहीतर टीनाचे दगड! म्हणून आपले दुमजली पाव, मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा बसवून, सढळ हाताने लोणी घालून, चर्चच्या फ्रीझरमध्ये ठेवलेत. वर चिठ्ठी लावली, आगानेताच्या मयताचे, हात लावू नये. पाळकाने ती वाचली आणि बिचारा तिथेच माझ्यासाठी प्रार्थना करायला लागला.

पुनरुत्थानावर माझा पूर्ण विश्वास आहे रे. पण माझ्या मयताच्या दिवशी खाली तळघरात आपल्यासाठी राबणारं कोणी नसेल, याची मला फार भीती वाटते.

मफलर गुंडाळत जा, आणि लोभ असू दे.
तुझी,
आगानेताताई


विनिपेग
११ ऑक्टोबर

ती. ताईस,
कॉर्नीचा शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. खरंच साष्टांग घातला तर उचलायला दोन नर्स लागतात.)

गाजरंच देतात. सकाळी माझी खुर्ची खिडकीशी ठेवतात, दुपारी फिरवतात. कुंडीचंही याहून वेगळं काही करत नाहीत. शेत गेलं, माझी मार्गरेट गेली, आता मला कुणी साधं कामही सांगत नाही.

तुझं मात्र कौतुक आहे. अमर आत्मा देवावर सोपवून मोकळी झालीस, पण पावांच्या बाबतीत त्याच्यावर काडीचा भरवसा नाही! आणि शंभरी गाठलीस तर? मग आधी त्या पावांचंच पुनरुत्थान करावं लागेल.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा,
कॉर्नी


ब्लूमेनहाइम
२० नोव्हेंबर

चि. कॉर्नीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

टीना गेली. ऐन प्रवचनात. दर रविवारी झोपायचीच, त्यामुळे शेवटचं गीत होईपर्यंत कुणाला पत्ताच नाही.

तिची मुलगी कॅल्गरीहून आली आणि तळघरात रिकाम्या टेबलांपुढे उभी राहिली. पिझ्झा मागवायचा विचार होता तिचा. मग मी काय करणार? फ्रीझर उघडला आणि माझी चिठ्ठी फाडली.

लोकांनी ताटं पुसून खाल्लं. वर म्हणाले, टीनाने स्वतःच भाजून ठेवलेले दिसतात, असा हात पुन्हा होणे नाही! पन्नास वर्षं मी तिच्या पावांना नावं ठेवली आणि शेवटी माझेच तिच्या नावावर खपले. स्वर्गात गेल्यावर आधी तिला गाठणार आहे.

काल पुन्हा पीठ घेऊन बसले. खांदे उचलेनात, मळवेना. तसंच टाकून दिलं आणि खूप रडले. आता माझ्यासाठी पाव नाहीत आणि भाजणारंही कोणी नाही.

तू तरी सांभाळून राहा.
आगानेताताई


विनिपेग
८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, नेहमीसारखाच कागदावर.

सोबतचं खोकं जपून उघड, पायावर पडू देऊ नकोस. आईने आम्हा मुलग्यांना जन्मात कधी चुलीपाशी फिरकू दिलं नाही, म्हणून एकोणऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा पीठ मळलं. इथल्या स्वयंपाकीणबाईंच्या किती विनवण्या केल्या तेव्हा कुठे त्यांनी टेबलाचा कोपरा दिला. पाय गेलेत माझे, पण ट्रॅक्टर हाकलेले हात अजून शाबूत आहेत.

वरचे मजले सगळे कोसळलेत, ठाऊक आहे. तरी तुझ्या मयताला मीच भाजणार. खुर्चीसकट तळघरात येईन. चुका सगळ्या कळव, हातचं राखू नकोस.

तुझा पाववाला,
कॉर्नी


ब्लूमेनहाइम
१५ डिसेंबर

चि. कॉर्नीस,
आशीर्वाद.

पाव पोचले. कवळी वाचली, ही प्रभूचीच कृपा. लोणी कमी, मीठ दुप्पट, आणि पीठ फुगू न देताच भट्टीत घातलंस. पाळकाने एक खाल्ला आणि लगेच प्रार्थना केली, या वेळी स्वतःसाठी. टीनाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भाजून पाठव. त्याच्या पुढच्याही. असले पाव माझ्या मयताला वाढलेले मला अजिबात चालणार नाहीत. तुझा हात बसेपर्यंत मला काही मरता येत नाही, आणि प्रभूला मी तसं स्पष्ट सांगून ठेवलंय.

घाई करू नकोस.
तुझी,
ताई