फुलतो तो डिंक

आई, तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला जेमतेम वरणभात येत होता, तोरा मात्र सुगरणीचा. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून माझं पहिलं बाळंतपण इथे शेलार गावातच तुम्ही करणार होतात. आठव्या महिन्यात, तुम्ही शेतावर गेलेल्या असताना, मला वाटलं डिंकाचे लाडू आपणच करून टाकावेत. डब्यात पिवळसर खडे दिसले. सासऱ्यांनी होडीच्या फटी बुजवायला राळ आणून ठेवली होती, हे मला कुठून ठाऊक असणार! कढईत घरातलं सगळं तूप ओतलंय, खडे टाकलेत, आणि ते फुलायचं नाव घेत नाहीत. वितळून तुपात पसरतायत, घरभर धुपासारखा वास सुटलाय. डिंक जुना असेल, असं म्हणत मी खारकेची पूड लोटणार, तोच तुम्ही दारात.

"थांब गो! राळ हाय ती. डिंक तुपान फुलतो, पान्यान इरघळतो. राळ पान्यान हाय तशीच. खाल्ली असतीस मंजे?"

पोटातल्या बाळाच्या विचाराने मला रडूच फुटलं. तेवढ्यात नणंदबाई वासाने धावत आल्या. आता सगळ्या गावात माझी शोभा होणार, असं वाटलं. तुम्ही शांतपणे कढई उतरवलीत आणि त्यांना म्हणालात, "माझ्याच हातून डबा चुकला गो." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी बाभळीचा डिंक आणलात, मला शेजारी बसवून एक खडा वाटीतल्या पाण्यात टाकायला लावलात आणि मगच तूप तापवलंत. त्या घरात मी पाय रोवला तो तुमच्या त्या एका वाक्यावर. तुमचे उपकार कसे फेडू, आई?

आता माझ्या सुनेला सातवा महिना आहे. शेजारच्या वळ गावातल्या गोदामातली ड्युटी संपवून ती आज स्वयंपाकघरात आली, मी वाटीतल्या पाण्यात टाकलेला डिंकाचा खडा बघून हे कशाला म्हणून तिने विचारलं, तेव्हा तुम्ही शिकवलंत तसंच तिला शिकवलं. नणंदबाई आल्याच होत्या. त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, "आमच्या आईने तर एकदा राळच तळली होती!" सगळे पोट धरून हसले. इतकी वर्षं हसतायत, आणि मीही त्यांच्यात असते. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तरी खरं लिहिते. सुनेने मला बाजूला विचारलं, "खरंच आजींनी तळली होती?"

मी हो म्हणाले.