घरातला फॉल्ट

अण्णा, टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून तुम्ही उभी हयात खांबांवर काढली, पण आपल्या घरातला फॉल्ट काही तुम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही. मला तो मागच्या महिन्यात सापडला. तेव्हापासून माझं कशातच मन लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

आईला एकटीला ठेवणं अवघड झालं तशी मी पुण्याहून उस्मानपुऱ्यात, आपल्या घरी परत आले. तिला जुनं सगळं आठवतं, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. माझं विमा कंपनीचं काम घरून चालतं. समोर लॅपटॉप, कानाला हेडफोन, दिवसभर लोकांच्या क्लेमवर बोलायचं. त्याला नेट धड लागतं. आपलं नेट कसं, तर सकाळी पळायचं, दुपारी रांगायचं आणि ऐन मीटिंगमध्ये मान टाकायचं. आमच्या मॅडम आधी समजुतीनं बोलल्या. मग एक दिवस म्हणाल्या, "घरून जमत नसेल तर पुण्याला ऑफिसात ये, नाहीतर तुझं तू बघ." म्हणजे नोकरी सोडायची, नाहीतर आईला सोडायचं.

मग मी काय काय नाही केलं. नेट कंपनीशी फोनवर भांडले. "राउटरचा डबा बंद करून चालू करा" ऐकून ऐकून कान किटले. डबा फ्रिजशेजारून काढून मधल्या खोलीत, तुमच्या फोनच्या जुन्या फळीवर आणला. मोठा पॅक घेतला. त्यांचा माणूस गल्लीतल्या खांबावर चढला आणि खाली येऊन म्हणाला, "दीदी, लाइन इधर तक एकदम क्लिअर है. घरात बघा तुमच्या." मला असा संताप आला. घरात काय बघायचं, घरात आम्ही दोघी बायका. त्या रागात मला तुमचा रेडिओ आठवला. शाळेत असताना तो बंद पडला, तर मी सेल बदलले, वायर हलवली, वरून थापट्याही मारल्या, आणि तो गायला लागला तशी नाचत तुमच्याकडं आले. तुम्ही शर्टाची बाही दुमडताय आणि मान वर न करता विचारताय, "कशानं चालू झाला, सांग." मला सांगता येईना. "मंग तू नाय दुरुस्त केला, त्यो आपला आपण झाला. एका टायमाला एकच गोष्ट बदल, बाकीला हात लावू नको." लई राग आला होता तुमचा तेव्हा. या वेळी मात्र मी सुट्टी काढली, कशालाच हात लावला नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून नुसती डब्याकडं बघत बसले.

दुपारी आई झोपून उठली. फळीजवळ आली. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिनं पदर सावरला, मागची बारीक पिवळी वायर हळूच ओढून काढली, जरा वेळ हातात धरून उभी राहिली आणि परत खोचली. ती नीट बसली नाही, अर्धवट लटकली. मी म्हटलं, "आई, काय करतीस गं?" ती दचकलीसुद्धा नाही. "हळू बोल, तुझ्या अण्णांला कळंल. एक्स्चेंजमधून बोलावणं येऊ लागलंय. घंटीचा आवाज गेलाय, पण दिवा बघ की. असल्या वाऱ्यावावधानात खांबावर चढवतेत मेले." बाहेर लख्ख ऊन होतं. मी विचारलं, "मग परत कशाला लावलीस?" तर म्हणते, "लई येळ काढून ठिवली तर त्यांला शक येतो."

आता कळलं का अण्णा? वादळ सुटलं की आपल्याच घरचा फोन बंद पडायचा. साहेब तुमच्यावर उखडायचे, तुम्ही केबलला शिव्या घालत सगळी गल्ली तपासायचात, आणि ही आत भाकऱ्या थापत बसलेली. तुमचं ते शहाणपण बायकोपुढं काही चाललं नाही. तुम्ही वरून पडाल या धास्तीत तिनं अख्खा संसार केला. आणि तुम्ही गेलात ते घरात, अंथरुणावर, झोपेत.

नेट कंपनीच्या त्या माणसाला परत बोलावून डबा माळ्याजवळ, उंचावर ठोकून घेतला. वायरीचं टोक नवं बसवलं. आता नेट एकदाही जात नाही. मॅडम खूश आहेत, नोकरी वाचली, पुण्याला जायचं टळलं. पण आईला दिवा दिसतो आणि तिचा हात पोचत नाही. तिच्या हिशेबी तुम्हाला बोलावणं आलं आणि तुम्ही खांबावर गेलात. दुपारपासून उंबऱ्यात बसून राहते, जेवत नाही, मला म्हणते, "तूच जाऊ दिलंस." पहिल्या दिवशी मी तिला खरं सांगितलं, की अण्णा जाऊन वर्षं झाली. ती अशी रडली, जणू मयत आत्ताच दारात आणलीय. परत तसं सांगायची माझी छाती नाही. आता मी मोबाइल कानाला लावून गॅलरीत जाते, आत येऊन म्हणते, "अण्णांचा फोन होता. फॉल्ट सापडला, खाली उतरलेत. तू जेवून घे म्हणाले." मग ती ताट ओढते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या नावानं रोज खोटं बोलायचं मला आता काही वाटत नाही. काल मात्र ती उंबऱ्यात बसलीच नाही. तुमचं काही विचारलं नाही, दिव्याकडं बघितलं नाही, वाढलं तसं गुपचूप जेवायला लागली. मला ते सहन होईना. मीच तिला म्हटलं, "आई, अण्णांचा फोन आला होता."